पोटाचा घेर आणि हिरड्या: दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दातांच्या खुर्चीत बसलेल्या, किंवा खुर्चीतल्या माणसाबरोबर आलेल्या मंडळींचे आहेत. मराठवाड्यात दाताच्या डॉक्टरकडे माणूस येतो तो दाढ दुखून रात्रभर झोप लागली नाही म्हणून. हिरड्यांसाठी कुणी येत नाही, आणि वजनाचा विषय दाताच्या दवाखान्यात निघेल हे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. विषय निघाला की पुढचे प्रश्न ठरलेले असतात.

दात दाखवायला आलो, तर तुम्ही वजन आणि कमरेचं माप कशाला विचारायलात?

कारण दोन्हींचा संबंध आहे. वजन जास्त असलेल्या लोकांमध्ये हिरड्यांचा आजार, म्हणजे पायरिया, जास्त सापडतो, हे जपानपासून अमेरिकेपर्यंत वेगवेगळ्या देशांत दिसून आलं आहे. बरेच अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात लठ्ठ व्यक्तींमध्ये पायरिया असण्याचं प्रमाण, संख्याशास्त्राच्या भाषेत, १.८१ पट निघालं. त्याआधीच्या, २०१० च्या आढाव्यात हाच आकडा १.३५ होता. म्हणजे संबंध आहे, पण आभाळ कोसळावं एवढा मोठा नाही. तंबाखू आणि शुगर यांचा हिरड्यांवरचा मार याहून कितीतरी जड आहे.

तरीही विचारते, कारण वजनाच्या मागे कित्येकदा शुगर लपलेली असते आणि ती पेशंटलाही माहीत नसते. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

पायरिया म्हणजे नेमकं काय होतं?

दातावर आणि हिरडीच्या कडेला रोज एक चिकट, पांढुरका थर बसतो. त्यात जंतू असतात. ब्रशने तो निघतो. जिथे ब्रश पोचत नाही तिथे लाळेतला कॅल्शियम बसून तो थर दगडासारखा होतो. बोअरच्या पाण्याने बादलीला खार चढते ना, तसा. याला कीटण म्हणतात. कीटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर आणखी जंतू बसतात, हिरडी लाल होते, फुगते, ब्रश लागला की रक्त येतं. इथवर आजार पूर्ण बरा होतो, काहीही नुकसान न होता.

पुढची पायरी वाईट. सूज आत उतरते, हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते आणि दात ज्या हाडात रोवलेला आहे ते हाड झिजू लागतं. एकदा गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही. दुखत मात्र काहीच नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच.

तपासताना आम्ही बोथट टोकाची, मिलीमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच सरकवतो. एका दाताला सहा ठिकाणी. मी आकडे बोलते, असिस्टंट लिहून घेते: "दोन, तीन, दोन… तीन, पाच, सहा." पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकत असतो. एक ते तीन मिलीमीटर ठीक. चार आला की मी लक्ष देते, सहा आला की एक्स-रे काढते. खूप पेशंटांना आपल्या दाढेमागे सहा मिलीमीटर खोल खोबण आहे हे त्या सळईमुळेच पहिल्यांदा कळतं.

हा संबंध शोधला कुणी? की हे नवीन फॅड आहे?

नवीन नाही. १९७७ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला होता. जन्मजात लठ्ठ जातीचे उंदीर आणि सडपातळ उंदीर, दोघांच्याही दातांना दोरा बांधून मुद्दाम सूज आणली. लठ्ठ उंदरांचं हाड जास्त झिजलं. माणसांकडे लक्ष गेलं ते वीसेक वर्षांनी. १९९८ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी २४१ धडधाकट माणसं तपासून लिहिलं की वजन वाढलेल्यांमध्ये हिरड्यांचा आजार जास्त आहे. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय पाहणीची आकडेवारी चाळली, तेव्हा हा संबंध १८ ते ३४ या तरुण वयात ठळक दिसला. मला यातलं हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. पायरिया म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे.

चरबी पोटावर, हिरडी तोंडात. मधला रस्ता कोणता?

रक्त. पोटाची चरबी म्हणजे नुसता साठवलेला लोण्याचा गोळा नव्हे, ती काम करणारी पेशीजाळी आहे. चरबीच्या पेशी फुगल्या की त्यांच्याभोवती संरक्षक पेशी जमतात आणि सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडू लागतात. टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ ही त्यातली दोन नावं. चरबीतूनच सुटणारं लेप्टिन हे संप्रेरक वाढतं, सूज आवरणारं अडिपोनेक्टिन कमी होतं. यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन जास्त बनवायला लागतं. तुमच्या रिपोर्टवर सीआरपी म्हणून येतं तेच हे. अंगभर मंद आचेवर सूज चालू राहते, ताप नाही, दुखणं नाही.

आता हिरडीकडे या. पायरियात हाड कुरतडतं ते थेट जंतू नव्हे. जंतूंशी लढायला आलेलं आपलंच सैन्य त्या धुमश्चक्रीत हाड विरघळवणाऱ्या पेशींना जागं करतं. म्हणजे नुकसान किती होणार, हे जंतू किती आहेत यापेक्षा शरीर किती चिडतं यावर जास्त अवलंबून आहे. ज्याच्या रक्तात आधीच सुजेची रसायनं फिरत आहेत, त्याचं शरीर तेवढ्याच जंतूंवर जास्त चिडतं. म्हणून एकाच घरात, एकच पेस्ट वापरणाऱ्या दोन भावांच्या हिरड्या वेगळ्या निघू शकतात.

म्हणजे लठ्ठपणामुळेच पायरिया होतो, असं म्हणायचं का?

नाही. इथे मी जरा आखडता हात घेते. बहुतेक अभ्यास एका वेळी एकदाच माणसं तपासणारे आहेत. त्यात दोन गोष्टी सोबत दिसतात. कोण आधी आलं ते कळत नाही. वर दोन्हींची कारणं सामाईक असतात: गोड खाणं, तंबाखू, कमी झोप, पैशाची ओढाताण, दवाखाना लांब. पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासांमध्ये वजन आधी आणि पायरिया नंतर, असं चित्र दिसतं खरं, पण असे अभ्यास थोडे आहेत.

पायरियाचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात आजाराचा वेग ठरवताना धोका वाढवणाऱ्या दोनच गोष्टी अधिकृतपणे धरतात, धूम्रपान आणि मधुमेह. वजनाला त्यात जागा नाही. त्यामुळे कुणी तुम्हाला "आधी वीस किलो कमी करा, मग दात बघू" असं म्हणालं, तर दुसरा डॉक्टर गाठा. हिरड्यांचा इलाज वजनासाठी थांबत नाही.

मी तर जाड दिसत नाही. फक्त थोडी ढेरी आहे.

ढेरीच बघायची असते. भारतीयांसाठी मापं वेगळी आहेत. युरोपात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० झाला की लठ्ठ म्हणतात, आपल्याकडे डॉक्टर २३ पासून सावध होतात आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७२ किलो, असा माणूस आपल्या गावात "तब्येतीने चांगला" समजला जातो. त्याचा बीएमआय २६.४ भरतो. कमरेचं माप पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांना ८० च्या आत हवं. टेप बेंबीच्या जरा वर, बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून. पँटची साइज सांगू नका. पँट ढेरीच्या खाली बांधलेली असते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काडीसारखे आणि चरबी आत, हा आपला भारतीय बांधा.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीतही पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांमध्ये सापडला, बीएमआयवरून धरलेला लठ्ठपणा २८.६ टक्क्यांत. काटा जे दाखवत नाही ते टेप दाखवते.

शुगरचा यात काय संबंध?

खरा खेळ इथे आहे. पोटाची चरबी वाढली की इन्सुलिनचं काम अडतं, साखर चढते. साखर चढली की हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जखम भरायला वेळ लागतो, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. शुगर असलेल्यांना पायरिया होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो, आणि साखर जितकी बेताल तितका जास्त. डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या बरोबरीने पायरिया ही मधुमेहाची सहावी गुंतागुंत मानावी, असं १९९३ मध्येच मांडलं गेलं होतं.

आणि हा रस्ता दुतर्फा आहे. हिरड्यांमधली सूज साखर आवरू देत नाही. हिरड्यांचा नीट, खोलवर इलाज केला तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, तीन-चार महिन्यांत सुमारे ०.४३ ने खाली येते, असं कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र करून २०२२ मध्ये केलेल्या आढाव्यात निघालं. आकडा किरकोळ वाटेल. पण गोळ्या घेऊनही ज्याचा एचबीए१सी ८ च्या खाली येत नाही, त्याला विचारा.

म्हणून माझा नियम साधा आहे. वय तिशीच्या पुढे, पोट सुटलेलं, हिरड्यांतून रक्त, आणि दोन-तीन ठिकाणी खोबणी पाचच्या वर. अशा माणसाला मी स्केलिंगच्या, म्हणजे मशीनने कीटण काढण्याच्या, आधी लॅबची चिठ्ठी देते. एचबीए१सी ५.७ ते ६.४ आला तर उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर आला तर शुगर. पेशंट नाराज होतो. "दाताला आलो अन् शुगर काढली," असं बाहेर बाकावर बसलेल्याला सांगतोही. काढली नाही हो, आधीच होती. वरच्याच पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह सापडला, आणि त्यापेक्षा जास्त, १५.३ टक्के, उंबरठ्यावर होते.

हिरडीवर पुन्हा पुन्हा फोड येणं, चार-पाच दात एकदम हलायला लागणं, तोंड सारखं कोरडं पडणं, ही शुगरची तोंडातली लक्षणं असू शकतात. रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतं का, हेही मी विचारते. त्या प्रश्नाला पेशंट आधी बायकोकडे बघतो.

उलटं होतं का? हिरड्या खराब म्हणून वजन वाढतं का?

अजून तरी तसं म्हणता येत नाही. उंदरांना पायरियाचे जंतू खाऊ घातल्यावर त्यांच्या आतड्यातले जंतू बदलले आणि इन्सुलिनचं काम बिघडलं, असे प्रयोग आहेत. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने ३१३ जास्त वजनाच्या स्त्रियांची लाळ तपासून एक विशिष्ट जंतू जवळजवळ सगळ्यांमध्ये ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असल्याचं दाखवलं, आणि लठ्ठपणा हाच तोंडातल्या जंतूंचा आजार आहे की काय, असा प्रश्न टाकला. वाचायला मजेदार. त्यावर कुणी औषध विकायला आलं तर घेऊ नका.

मग स्केलिंग केल्यावर वजन उतरेल?

कीटणाचं जेवढं वजन असेल तेवढं.

आणि वजन उतरवलं तर हिरड्या सुधारतील?

थोडी मदत होते असं दिसतं, विशेषतः त्यामुळे साखर आटोक्यात आली तर. पण कीटण चालून-पळून पडत नाही. दोन्ही कामं वेगवेगळी करावी लागतात.

आमच्या आईचं वजन जास्त नाही, शुगरही नाही. तरी सगळे दात हलायलेत. असं काहून?

मी पहिला प्रश्न विचारते, "मावशी, मिसरी लावता का?" मावशी पदर तोंडाला लावून हसतात. मग सून सांगते, दिवसातून चारदा.

मिसरी, म्हणजे मशेरी, ही भाजलेली तंबाखू आहे. तव्यावर काळी करून, कुटून, डबीत भरून ठेवलेली. बोट बुडवायचं, हिरडीवर घासायचं, मग तशीच धरून बसायचं. डाव्या-उजव्या कोणत्या बोटाने लावतात ते बोटाच्या पेराकडे बघून कळतं. रेषांमध्ये काळं बसलेलं असतं. तोंड उघडलं की त्याच बाजूची हिरडी खाली सरकलेली, दाताची मुळं पिवळी उघडी पडलेली. पुष्कळ जणींना हे व्यसन आहे हेच मान्य नसतं. "मी कुठं तंबाखू खाते, दात घासते!" बाळंतपणात किंवा दाढ दुखली तेव्हा कुणीतरी लावायला सांगितलेली असते, ती सुटतच नाही. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हेही दर वेळी ऐकायला मिळतं. ती निकोटिनची सवय.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांमध्ये हे फार बघायला मिळतं. सहा-सहा महिने कारखान्याच्या पट्ट्यात, पहाटे तीनला उठून फडात, अंगावर मांस नाही, आणि पस्तिशीत पुढचे दात गेलेले. तेव्हा वजनाचं गणित सगळीकडे लावू नका. तंबाखू असेल तर आधी तंबाखूचं बोला.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: धुरामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आजार असूनही रक्त येत नाही. "माझ्या हिरड्यांतून कधी थेंब नाही आला" म्हणणाऱ्याच्या खोबणी कधी कधी सात-सात मिलीमीटर निघतात. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे, सल्ला मिळतो.

खाण्यात काय बदलू? भाकरी सोडू का?

भाकरीला हात लावू नका. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, ठेचा, जवसाची नाही तर कारळाची चटणी, हे जेवण हिरड्यांना आणि पोटाला दोन्हींना चांगलं आहे. चावावं लागतं, लवकर पोट भरतं.

बिघडतं ते दोन जेवणांच्या मध्ये. सकाळचा चहा, शेतावरून आल्यावर चहा, पाहुणा आला चहा, तहसीलला काम होतं म्हणून टपरीवर दोनदा चहा. एका कपात दोन चमचे साखर, चमचा साधारण ५ ग्रॅमचा. पाच कप म्हणजे ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, २००० उष्मांक खाणाऱ्यासाठी ती हीच ५० ग्रॅम, आणि जमलं तर निम्मी करा म्हणते. चहाबरोबर टोस्ट, खारी, बिस्किट येतंच. त्याचा लगदा दाढांच्या फटीत तासभर बसून राहतो.

कप कमी करणं जमत नसेल तर साखर एक चमचा करा, दोन आठवडे तोंड वाकडं होतं, मग सवय होते. गुळाचा चहा केला तर चालेल का, हे विचारू नका. गूळही साखरच.

वेळ अमावस्येची भज्जी-अंबील, हुरडा, पंगतीतली बुंदी, कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा, यावर माझा राग नाही. सण वर्षातून मोजके असतात, चहा रोज असतो.

बीपीच्या गोळीने हिरड्या वाढतात म्हणे?

हो, अम्लोडिपिन या गोळीने काही जणांच्या हिरड्या फुगून दातावर चढतात. वजन जास्त असलेल्यांना बीपी असतोच बऱ्याचदा, त्यामुळे दोन्ही एकत्र भेटतात. फिटच्या फेनिटोइन गोळीनेही असं होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, अजिबात नाही. दाताचा डॉक्टर चिठ्ठी लिहील, बीपीचा डॉक्टर दुसरी गोळी बघेल. कीटण काढून सफाई ठेवली तर फुगवटा बराच कमी होतो.

स्केलिंग केलं की दात हलतात, फटी पडतात. शेजारच्यांचं तसंच झालं.

हा गैरसमज इतका पक्का आहे की काही जण उपचार अर्ध्यावर सोडून जातात. होतं असं: हाड झिजलेलं असतं, दात मुळातच सैल असतो, कीटणाने सगळे दात एकमेकांना चिकटवून धरलेले असतात. कीटण काढलं की खरी परिस्थिती उघडी पडते. फटही आधीचीच, ती कीटणाने बुजलेली होती. सूज उतरली की हिरडी आखडते आणि फट आणखी दिसते. थंड पाणी आठ-दहा दिवस झिणझिण्या आणतं, मग कमी होतं. मशीनने दात घासून पातळ होत नाही. टोक थरथरतं आणि कीटण फोडतं, बस.

खोबणी खोल असतील तर भूल देऊन हिरडीच्या आतलं कीटण काढावं लागतं, एकेक बाजू करत. नंतर दर तीन महिन्यांनी दाखवायचं. इथेच बहुतेक जण गळतात.

उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर घर चालतं. दोनदा ब्रश कसा करायचा?

ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला पाणी वाया घालवा असं मी सांगणार नाही. ब्रशला एक फुलपात्र पाणी पुरतं. उलट पेस्ट थुंकल्यावर खळखळून चुळा भरायच्याच नसतात. थोडा फ्लोराइड दातावर राहू द्यायचा. मऊ ब्रश, हरभऱ्याएवढी पेस्ट, ब्रशचे केस हिरडीच्या कडेला तिरपे टेकवून छोट्या छोट्या हालचाली, दोन मिनिटं. रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा. दातांच्या फटी मोठ्या असतील तर त्यात जाणारा बारीक ब्रश मेडिकलवर मिळतो, तो दिवसातून एकदा.

कडुनिंबाची काडी, मीठ-तेल, तिळाच्या तेलाच्या गुळण्या?

काडी चावून मऊ कुंचला करून हलक्या हाताने वापरली तर वाईट नाही. आजोबांचे दात काडीवर टिकले, खरं आहे. आजोबा दिवसाला पाच कप चहा पीत नव्हते. तेलाच्या गुळण्यांनी थर थोडा कमी होतो असे छोटे अभ्यास आहेत, ब्रशच्या जागी मात्र चालत नाहीत. मीठ बोटाने खसाखसा घासू नका, हिरडी सोलून निघते. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा चालतील. क्लोरहेक्सिडिनचं औषधी पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस, साधारण दोन आठवडे. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात आणि जेवणाची चव जाते.

मुलगा अकरावीला आहे, लातूरला क्लासला. वजन वाढलंय, हिरड्यांतून रक्त यायलंय.

या वयात हाड सहसा गेलेलं नसतं, नुसती सूज असते, त्यामुळे काळजी कमी आणि काम जास्त. जाड मुलांमध्ये हिरड्यांतून रक्त येण्याचं प्रमाण जास्त दिसतं. पण मुलाचा दिवस बघा: सकाळी सहाला क्लास, मेसचा डबा आवडत नाही म्हणून वडापाव आणि कोल्ड्रिंक, रात्री एकपर्यंत अभ्यास, ब्रश न करता झोप. 'नीट' होईपर्यंत व्यायाम नाही. त्याला ओरडण्यापेक्षा खोलीत ब्रश आणि पेस्ट टेबलावर ठेवायला सांगा, पुस्तकाच्या शेजारी. आणि "जाड्या" म्हणून हाक मारणं घरात बंद करा, दवाखान्यात तर नक्कीच.

मात्र पंधरा-सोळाव्या वर्षी पुढचे दात किंवा पहिल्या दाढा हलत असतील तर तो वेगळा, वेगाने वाढणारा आजार असू शकतो. लगेच दाखवा.

सून गरोदर आहे, वजनही जास्त आहे. दातांचं आता करायचं की बाळंतपणानंतर?

आत्ताच. संप्रेरकांमुळे गरोदरपणात हिरड्या फुगतात, वजन जास्त असेल तर गरोदरपणातली शुगर होण्याचा धोकाही वाढतो. चौथा ते सहावा महिना सोयीचा. स्केलिंग गरोदरपणात सुरक्षित आहे. त्याने वेळेआधी होणारं बाळंतपण टळतं, असा दावा मात्र मी करणार नाही; २००६ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नव्हता. आईच्या हिरड्या बऱ्या होतात, एवढं पुरेसं कारण आहे.

घोरण्याचा काही संबंध?

आहे, आडवाटेने. वजन जास्त असलेली माणसं रात्री तोंड उघडं टाकून झोपतात, लाळ सुकते, पुढच्या हिरड्या लाल आणि चकचकीत होतात. घोरता घोरता श्वास अडकून दचकून जाग येत असेल, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर दातांच्या आधी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

वजन कमी करायचं इंजेक्शन किंवा ऑपरेशन केलं तर दातांवर काय होतं?

ही इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे सर्रास बोलली जाऊ लागली. मळमळ-उलटी होत असेल तर पोटातलं आम्ल दातांवर येतं. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, नुसती चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश करा. पोटाच्या ऑपरेशननंतर हिरड्यांचं काय होतं याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खावं लागतं, जीवनसत्त्वं कमी पडतात, म्हणून ऑपरेशनच्या आधी तोंड साफ करून घेतलेलं बरं.

दात पिवळे-तपकिरी आहेत. हाही पायरियाच का?

कदाचित नाही. नांदेड, बीडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. तो रंग दाताच्या आतला, हिरडीशी त्याचा संबंध नाही, आणि स्केलिंगने तो जात नाही.

कुठे दाखवायचं? खाजगीत परवडत नाही.

छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. वेळ लागतो, विद्यार्थी तपासतात, पण त्यांचे सर प्रत्येक पायरी बघतात. जिल्हा रुग्णालयातही दंतचिकित्सक असतात. लातूर-नांदेडच्या खाजगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीतही दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो.

लगेच धावत कधी यायचं?

हिरडीला गळू येऊन गाल सुजला, ताप आला, गिळताना त्रास होतोय, तर त्याच दिवशी. ताप असताना हिरड्यांतून आपोआप रक्त येतंय आणि अंगावर लाल ठिपके आहेत, तर दातांकडे नको, सरळ सरकारी दवाखान्यात. डेंग्यू असू शकतो. हिरड्या फुगल्यात, चेहरा पांढरा पडलाय, वजन उतरतंय, अशक्तपणा आहे, तर रक्ताची साधी तपासणी लगेच करून घ्या. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर वाट बघू नका, तंबाखू-मिसरीवाल्यांनी तर अजिबात नाही.

येताना काय आणू?

चालू गोळ्यांची पाकिटं, नावं पाठ करू नका, पाकिटंच आणा. शुगर-बीपीचे जुने रिपोर्ट. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आल्या आल्या सांगा, आणि कुणी काउंटरवर सांगितलं म्हणून ती बंद करून येऊ नका. जेवून या, विशेषतः शुगरची गोळी घेत असाल तर. उपाशीपोटी खुर्चीत चक्कर येते आणि मग सगळा दवाखाना तुमच्यासाठी साखर शोधत फिरतो.